लाल इशाऱ्याची वाट

वणव्याचा पिवळा इशारा म्हणजे सावध राहा, केशरी म्हणजे सामान बांधा, लाल म्हणजे निघा. हे मला तोंडपाठ होतं. सकाळपासून मोबाइलवर केशरीच होता. “आई, पिवळ्यातच हिने दोनदा घर सोडायला लावलंय. आता लाल आल्याशिवाय हलायचं नाही,” नवरा सासूबाईंना म्हणाला. तेवढ्यात वीज गेली, पाठोपाठ रेंजही. आता लाल इशारा येणार कुठून? खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं छप्पर पेटून कोसळलं. मी बाळासकट सासूबाईंना गाडीत मागच्या सीटवर कोंबलं. गॅरेजचं शटर विजेवरचं. नवऱ्याने जीव खाऊन ओढलं, तसूभर हललं नाही. “बाजूला हो!” किंचाळत मी गाडी रिव्हर्समध्ये शटरवर घातली. पत्रा नुसता वाकला. मागची काच फुटून सासूबाईंच्या मानेत घुसली. माझा पाय ब्रेकवर गेला. बाळाला पोटाशी धरून त्या ओरडल्या, “अगं, थांबतेस काय? आणखी जोरात घाल!”