निम्मी साखर

"निम्म्या साखरेत काय डोंबल टिकणार आहे," आई फ्रिजमध्ये डोकं घालून पुटपुटली. सांगितलं फ्रिजला, पण टेबलाशी लिंबं चिरत बसलेल्या मुलीला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

गुलाबाच्या सिरपच्या सात बाटल्या होत्या. दारातल्या एकाच झाडाच्या पाकळ्या आईने महिनाभर जमवल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर बाबांच्या वळणदार अक्षरात लग्नाची तारीख होती, आजचीच. आज लग्नाच्या पाहुण्यांना या सिरपची जिन द्यायची होती. लग्न अकरा दिवसांपूर्वी मुलीने मोडलं. सिरप मागे राहिलं, आणि त्यातली एक बाटली झाकण उघडताच फुसफुसली.

"फेकायचं नाही," आईने ती बाटली टेबलावर आदळली. "जिनही पडलीच आहे. लावा मार्गी."

अकरा दिवस आई मुलीशी बोलत होती ती एवढंच. दूध उतू जातंय, टॉवेल उचल, नळ नीट बंद कर. मोडलेल्या लग्नाबद्दल एक शब्द नाही. बाबांचाही नाही. मावशी सकाळीच येऊन थडकली होती, पण तीही फक्त उकाड्याबद्दल बोलत होती. मुलीने या गप्प बसण्याचा अर्थ केव्हाच लावून ठेवला होता.

बाबांचा जन्म औषधाच्या दुकानात गेलेला. खोकल्याच्या औषधाच्या टोपणानेच त्यांनी मोजलं. चार टोपणं जिन, दोन सिरप, एक लिंबाचा रस. बर्फासकट सगळं जॅमच्या बरणीत घालून झाकण लावलं आणि असं काही हलवलं की मावशीला राहवेना.

"भावोजी, खांदा निखळेल. आणि घ्यायचं कसं, जेवणाआधी की नंतर?"

चौघांनी एकेक घोट घेतला. बराच वेळ कुणी ग्लास खाली ठेवला नाही आणि कुणी दुसरा घोटही घेतला नाही.

"छान आहे," मावशी म्हणाली.

"वेगळं आहे," बाबा म्हणाले.

आई उठली. न बिघडलेल्या दोन बाटल्या तिने पातेल्यात रिकाम्या केल्या, गॅस लावला, आणि वाटी वगैरे न शोधता साखरेचा डबाच कलता केला.

मुलगी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "आई, रागावलीयेस ना माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला?" आई ढवळत राहिली. "हे सिरप करत होते तेव्हा, तू उभी आहेस ना, तिथेच उभा होता तो तुझा नवरामुलगा. 'आई, तुमच्याकडे सगळं इतकं गोड का असतं?' असं म्हणत माझ्या हातातली वाटी काढून घेतली. निम्मी साखर परत डब्यात. तीस वर्षं करतेय मी हे. आणि मी काय केलं? हसले."

"मीपण हसलो होतो," बाबा टेबलावरून म्हणाले. "मला वाटलं, तुम्हा दोघींना चालतंय."

"आणि मला वाटलं, तुम्हा दोघांना तो आवडलाय," मुलगी म्हणाली.

मावशीने आपला ग्लास गुपचूप बेसिनमध्ये ओतला.

सिरप दाट झालं, त्याला रंग चढला. आईने पातेलं बर्फाच्या पाण्यात धरून निववलं. बाबांनी पुन्हा टोपण उचललं, पुन्हा बरणी हलवली. या खेपेला मावशीने घोट घेऊन डोळे मिटले आणि उकाड्याबद्दल काही बोलली नाही.

आईने मुलीचा ग्लास काठोकाठ भरला. बाहेर ओघळलेला थेंब बोटाने निपटून चाखला. मग अकरा दिवसांत पहिल्यांदा तिने मुलीकडे नीट पाहिलं.

"सुटलीस गं बाई," ती म्हणाली.