सुपरिंटेंडिंग

शब्दात तुकडे पाच होते: सु, पर, इन, टेंड, इंग. माती दाबायचा दगडी रूळ ओढणारी माणसंही पाच होती. त्यांच्यातल्या कडूबाला संग्रामपूरजवळच्या तलावाच्या कामावर मुकादम व्हायचं होतं. अट एकच: येणाऱ्या सुपरिंटेंडिंग इंजिनिअर साहेबांचा हुद्दा त्यांच्यासमोर न अडखळता म्हणायचा.

मी तिथला ओव्हरसिअर, म्हणून शिकवणी माझ्याकडे आली. "सुपर म्हणजे वर, इन म्हणजे आत," मी शब्दाची फोड करून सांगितली.

"मंग सायेब वर राह्यते का अंदर?" कडूबाने विचारलं.

तीन दिवस तो 'सुपारी'च्या पुढे गेला नाही. शेवटी मातीची टोपली उतरवत झुंबरबाई म्हणाली, "भाऊ, त्याच्या हाती दोर द्या. ओढल्याबिगर त्याचं तोंड उघडत नाही."

दोर दिला. दर हिसक्याला एक तुकडा, पाच हिसक्यांत अख्खा शब्द. दुपारपर्यंत सगळी टोळी त्या शब्दाच्या तालावरच रूळ ओढू लागली.

सोमवारी साहेब आले. तंबूत टेबलामागे बसून चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "मी कोण?"

कडूबाने इकडेतिकडे पाहिलं. दोर नव्हता. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि "सु" म्हणत पहिला हिसका दिला.

शब्द पूर्ण झाल्यावर साहेब कपबशी वर धरूनच म्हणाले, "उच्चार बरोबर आहे. उद्यापासून मुकादम."

मी टेप लावला. टेबल दोन फूट चार इंच सरकलं होतं.