पालथं मडकं

खड्डा कमरेइतका झाला तेव्हा कवटी लागली. मुकादमाने मशीन बंद करायला लावलं. "झालं! आता कसला उभा राहतोय विजेचा टॉवर!"

दुपारी हवालदार आला, दुसऱ्या दिवशी पुरातत्त्व खात्याचा अधिकारी. हाडं प्राचीन निघाली तर अधिकाऱ्याची, अलीकडची निघाली तर हवालदाराची. दोघांच्या मागे शेताची मालकीण उभी होती. तिला सगळे मावशी म्हणत.

तिचा नवरा तीस वर्षांपूर्वी घरातून गेला तो परतलाच नव्हता. तिने वाट पाहिली, शोधायला माणसं पाठवली. पुढे लोकांनी विचारणंही सोडलं.

"साहेब, हे आमचे तर नसतील ना?" मावशीने विचारलं.

"धीर धरा, मावशी," अधिकारी म्हणाला.

चार दिवस अधिकारी ब्रशने माती झाडत राहिला. मावशी चहा घेऊन यायची, काठ ढासळू न देता अलगद खड्ड्यात उतरायची आणि हाडांकडे न बघता वर जायची.

"या गतीने आम्हीच पुराणवस्तू होऊ," हवालदार म्हणाला.

"व्हायचं काय राहिलंय?" मुकादम म्हणाला.

पाचव्या दिवशी उशाशी तीन मडकी निघाली. पातळ कडांची, काळी-तांबडी, एका ओळीत. मधलं पालथं. अधिकाऱ्याचा चेहरा उजळला.

"दोन हजार वर्षं तरी झाली याला!"

"आणि हाडं?"

"इथल्या मातीत हाडांवरून काही कळत नाही. मडक्यांवरून ठरतं. मडकी खोटं बोलत नाहीत."

"कवटी मागून फुटलीय, साहेब."

"तेव्हाही माणसं एकमेकांना मारतच होती, हवालदार."

मावशी पुढे आली. "म्हणजे... आमचे नव्हेत?"

"नव्हेत."

ती मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. मुकादमालाही भरून आलं. अधिकाऱ्याने कागदावर सही केली. हवालदार तो घेऊन निघून गेला.

संध्याकाळी तंबूत अधिकाऱ्याने आपल्या सरांचं जुनं पुस्तक उघडलं. नदीकाठच्या खोदकामाचा, पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो. उशाशी तीन मडकी, एका ओळीत. मधलं पालथं. तंतोतंत तसंच.

तो खूश झाला. मग त्याने फोटोखालची बारीक ओळ वाचली: 'मधले मडके उचलताना हातून निसटून तडकले, छायाचित्रासाठी ते पालथे ठेवले आहे.'

त्याने ती पुन्हा वाचली. तोंडाशी नेलेला कप तसाच राहिला.

मावशी रिकामी किटली न्यायला आली होती. ती त्याच्या खांद्यावरून वाकली. तिला अक्षरं येत नव्हती. ती फोटोच पाहत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू खुलला. तिने कडेला टोपली घेऊन उभ्या असलेल्या, दोन वेण्यांच्या मुलीवर बोट ठेवलं.

"अगं बाई! ही मी! लग्नाआधी दोन वर्षं होते तिथे मजुरीला. फार भला माणूस हो तिथले सर. जास्तीची मडकी आम्हा मजुरांनाच देऊन टाकायचे. म्हणायचे, पोरी, नीट बघून ठेव. शिकलेलं कधी वाया जात नाही."