ठिपके की रेघा

"ठिपके की रेघा?" टीगकाकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

त्यांच्या दगड कापायच्या शेडमध्ये दोघी बहिणी दगडाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. दगड म्हणजे मूळचं ताडाचं खोड. नेचेस नदीच्या काठी जमिनीत पडून पडून त्याचा दगड झाला होता. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता, आणि वजनाला रांगत्या पोराहून भारी. आडवा कापला की आत ठिपके दिसतात, उभा कापला की रेघा. चाळीस वर्षं तो डॅडींच्या दाराशी होता, दार आपटू नये म्हणून. मरणाआधी डॅडींनी कागदावर लिहून ठेवलं, दगड दोघींचा, अर्धा अर्धा. माणूस जाताना भांडण मिटवायला बघतो आणि नेमकं लावून जातो.

"रेघा," थोरली वर्लीन म्हणाली. "उभाच कापा, काका. बरोबर निम्मा होईल. कुणाला जास्त नको, कुणाला कमी नको."

"ठिपके," नेल्डा म्हणाली. "ताडाची शोभाच ठिपक्यांत आहे. जाडा भाग तू घे, वर्लीन. मला शेंड्याकडचा बारका चालेल."

"तू कधीपासून एवढी उदार झालीस गं? लहानपणी केकचा तुकडा पट्टी लावून मोजायचीस!"

नेल्डाला हसू आलं नाही. शेंड्याचं टोक तिनंच फेब्रुवारीत चिकटवलं होतं. दगडाची पूड मिसळून, घासूनपुसून, अगदी बेमालूम. उभा कापला तर करवतीचं पातं त्या सांध्यातूनच जाणार. मग वर्लीन विचारणार, हा फुटला कधी? आणि डॅडी झोपेत गेले, असं नेल्डानं सगळ्यांना सांगितलं होतं. रात्री ते अंथरुणातच गेले, एवढं खरं होतं. पण त्याच दिवशी सकाळी ते दाराबाहेर पायऱ्यांवर कोसळले होते, दगड त्यांच्याबरोबर गडगडत खाली गेला होता, आणि नेल्डा घरात नव्हती.

"भांडून घ्या एकदाचं, पोरींनो," टीगकाका म्हणाले. दोघीही पन्नाशीच्या पुढच्या. "ही जात आता जगात कुठं उगवत नाही. जे आहे ते एवढंच. एकदा कापलं की कापलं."

त्यांनी दगड उचलून जिभेनं चाटला. त्या भागात सगळेच चाटतात, ओल्या दगडाची नक्षी उठून दिसते. जाड टोकापासून ते चाटत चाटत शेंड्याकडे आले आणि थांबले. ओला दगड काळा पडतो. तिथं केसाएवढी एक रेघ कोरडीच राहिली. काकांनी पुन्हा एकदा चाटून पाहिलं. मग त्यांनी नेल्डाकडे पाहिलं.

"माझा एक नेम आहे," ते म्हणाले. "पकडीत आवळण्याआधी मी सगळ्यांना विचारतो. दगडात सांधा आहे?"

"नाही," नेल्डा म्हणाली.

"सांधा कसला? दारात नुसता पडून तर होता," वर्लीन म्हणाली. "रेघा, काका."

नेल्डाला आता नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. काकांनी दगड पकडीत घातला. एकेक आटा सावकाश फिरवला. पात्यावर तेल सोडलं, झाकण लावलं आणि नेल्डाला जवळ बोलावलं.

"बटण मालकानं दाबायचं, हा दुसरा नेम. आजवर माझी पाच पाती मोडली, पोरी. दगडामुळं एकही नाही. पाचही खोटं बोलणाऱ्यांमुळं."

नेल्डानं बटणावर बोट ठेवलं. वर्लीन उत्सुकतेनं झाकणावर वाकली होती. अगदी लहानपणी वाकायची तशीच.

नेल्डानं बोट काढलं.

"सांधा आहे," ती म्हणाली. "डॅडी पायऱ्यांवर पडले होते. मी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेले होते. दोन तास ते तिथंच होते, वर्लीन. मी तुला खोटं सांगितलं."

वर्लीन सरळ झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दोन तास? आणि तू तिकडं गाणी म्हणत होतीस?"

"हो."

"अगं, त्यांना धरल्याशिवाय न्हाणीघरापर्यंत जाता येत नव्हतं! असं सोडून जातात माणसाला?"

नेल्डानं मान खाली घातली. तिला आणखी काहीही सांगायचं नव्हतं. एवढं बोलणं ऐकून घ्यायची तिची तयारी होती.

"आणि दाराबाहेर कशाला गेले ते?"

नेल्डा झाकणावरचा तेलाचा डाग पुसू लागली.

"कशाला गेले, नेल्डा?"

"टोपी घातली होती त्यांनी," नेल्डा म्हणाली. "रविवारची, चांगली."

"रविवार होता?"

"नाही. शनिवार. सात तारीख. अकराला डॅडींकडे येते म्हणाली होतीस तू. म्हणून मी दहाला निघाले."

टीगकाका खाली बघत पकडीचे आटे उलटे फिरवू लागले. लोखंड करकरलं. दगड सुटला तशी वर्लीननं हात पुढे केला आणि शेंड्यावरची ती कोरडी रेघ अंगठ्यानं चाचपली. एकदा, दोनदा.

"गाडी बंद पडली असं सांगायला त्या दिवशी फोन केला होता ना मी," ती म्हणाली. "गाडी बंद पडली नव्हती."