बाबांसारखं लिहिणं

सलाईन अर्ध्यावर आली तेव्हा लेकीला जाग आली. तिनं आधी लॅपटॉप कुठंय ते विचारलं. कादंबरी अडकून पडली होती. उशाशी बसलेल्या आईनं नुसतं पांघरूण सारखं केलं.

सकाळी शेजारणीला ती जिन्यात पडलेली दिसली होती. पोटातला अल्सर फुटून बरंच रक्त गेलं होतं. ती जागी झाल्यावर डॉक्टरबाईंनी येऊन झोप, जेवण, सिगरेटी, सगळं खोदून खोदून विचारलं. उत्तरं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. हे असंच चालू राहिलं तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही, एवढं सांगून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

लेकीनं ते कानाआड केलं. तिला वडिलांसारखं लिहायचं होतं. वडील दोनच पुस्तकांवर नावाजलेले लेखक. ती पाच वर्षांची असताना गेले. रात्र रात्र खोलीचं दार लावून, धुरात, उपाशीपोटी लिहीत. लिहिता लिहिताच झिजले. सभांमधून लोक हे गहिवरून सांगत आणि पहिल्या रांगेतली आई मान हलवी. लेकीच्या पहिल्या कादंबरीवर कुणीतरी लिहिलं, पोरगी बापाच्या वळणावर गेली. तेव्हापासून तिनं जेवणखाण, फिरणं, मैत्रिणी, सगळ्यावरच पाणी सोडलं. तरी दुसरी कादंबरी काही केल्या हलेना. आपण अजून पुरेशा झिजलो नाही, असंच तिला वाटत राहिलं.

आता ती उठून बसायला लागली. "मला घरी जाऊ दे. बाबांनी कधी तब्येतीचे लाड केले होते?"

आईनं उठून खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि परत येऊन बसली.

"त्या खोलीत ते पीत बसायचे," ती म्हणाली. "लिहीत नव्हते."

आईनं आवाज न चढवता सगळं सांगितलं. पुन्हा प्यायला लागल्यावर त्यांच्या हातून एक ओळही उतरली नव्हती. पहाटे ती दार ढकलून आत जाई, तेव्हा टेबलावर कोरे कागद असत. ते गेल्यावर लोक विचारायला आले. दारूनं गेले म्हणण्यापेक्षा लिहिण्यानं गेले म्हणणं तिच्या जिभेला सोपं वाटलं. तेच छापून आलं. मग ते खोडून काढायचा धीर झाला नाही.

"पण पुस्तकं?" लेकीनं विचारलं.

आईनं तिचा मोकळा हात आपल्या हातात घेतला.

"दोन्ही तू तान्ही असतानाची. तेव्हा दारू सुटली होती. रात्री वेळेवर झोपायचे. सकाळी अंघोळ करून, पोटभर खाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे. तू रडलीस की मांडीवर घ्यायचे आणि एका हातानं लिहीत राहायचे. इतक्या सुखात मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही."

पडद्यापलीकडून कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या. लेकीनं उशीवर डोकं टेकलं.

"सकाळी बाबा खायचे काय?" तिनं विचारलं.