शेवटची सर्दी

"शेवटची सर्दी कधी झाली होती तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि ड्रायव्हरला काही केल्या आठवेना.

याला सर्दी आठवू नये म्हणजे कमालच होती. शहर बसचा हा ड्रायव्हर म्हणजे डेपोचं हवामान खातं. ऋतू बदलायच्या आधी याचं नाक गळायला लागायचं. दिवसभर बसून बसून पोट स्टेअरिंगला टेकलेलं, आणि मागच्या बाकावर कोणी खोकलं तरी दुसऱ्या दिवशी घसा याचा धरलेला. बायको म्हणायची, यांच्याकडे सर्दी पत्ता विचारत येते. सगळे हसायचे, तोही हसायचा. लेक आजारी पडली आणि ते हसणं संपलं.

ती लेक आता समोरच्या काचेच्या दारापलीकडे होती. रक्ताचा आजार. औषधांनी तिच्या अंगात रोगाशी लढायला काही उरलंच नव्हतं. बाहेरून दिलेल्या नवीन पेशी रुजून कामाला लागेपर्यंत तिला कोणाची साधी शिंकही झेपली नसती. आई तिच्याजवळ असायची. बापाला मात्र डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच दाराबाहेर ठेवलं होतं. तुम्ही सारखे आजारी पडता, तुम्हाला आत सोडता येणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. रोज चालायला लागा, हेही सांगितलं.

तो चालायला लागला. दोन खेपांच्या मधल्या वेळात डेपोला वळसे घालायचा. "गाडी बंद पडली का, पायी निघालात ते?" मेकॅनिक ओरडायचा. गुडघे कुरकुरायचे, सदरा घामाने अंगाला चिकटायचा, पण त्याने चुकवलं नाही. ड्यूटी सुटली की काचेशी येऊन उभा राहायचा. आतून लेक काहीतरी बोलायची, ते ऐकू यायचं नाही. तिच्या डोक्यावर पुन्हा केस यायला लागले, तेही त्याने काचेतूनच पाहिलं. त्यावरून एकदा हात फिरवावा असं इतकं वाटायचं, की तो दोन्ही हात खिशात घालून ठेवायचा. मध्यंतरी एकदा आत जायची परवानगी मिळाली होती. तर दाराशी येऊन हाच म्हणाला, घसा खवखवतोय, आणि उलट्या पावली फिरला. त्या दिवशी बस चालवताना त्याला रडू आवरलं नाही.

"नाही आठवत," तो आत्ता म्हणाला. मग ओशाळून पोटाकडे बघत, "पण डॉक्टर, खरं सांगतो, वजन काही उतरलं नाही. काटा जागचा हलत नाही."

"काट्याचं मी विचारलं का?"

"नाही, पण इतका चाललो आणि हे आहे तेवढंच. म्हटलं, तुम्ही परत पाठवणार."

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून त्याचा घसा पाहिला, छाती तपासली.

"वजन फार वाढलं की शरीर आतल्या आत धुमसत राहतं. रोगाशी लढणाऱ्या पेशी त्यातच गुंतून पडतात. बाहेरून जंतू आला तरी त्याच्याकडे बघायला त्यांना सवड नसते. रोज चाललं की ते धुमसणं कमी होतं आणि पेशी आपल्या कामाला लागतात. वजन उतरायच्या आधीसुद्धा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण तुम्हाला आलेला दिसतोय." त्यांनी बॅटरी खिशात ठेवली. "जा आत. थोडाच वेळ. लांबच्या खुर्चीवर बसायचं आणि हात लावायचा नाही."

सिस्टरने आत जाताना घालायचा झगा आणला. तो मागे बांधला जाईना. तिने दुसरा आणला. एक पुढून चढवला, एक मागून.

"दोन तिकिटं लागली की हो तुम्हाला!" खोलीतून बाहेर येत बायको म्हणाली. मास्कच्या वर तिचे डोळे भरून आले होते. "जा लवकर. सकाळपासून तुमचंच चाललंय तिचं."

तो आत गेला. दार मागे लागलं. यंत्राची बारीक घरघर चालू होती, आणि त्या आवाजातही लेकीचा श्वास त्याला ऐकू आला. किती दिवसांनी ऐकू आला. तो खुर्चीवर बसला आणि हात मांड्यांखाली दाबून धरले.

लेक त्याच्याकडे टक लावून बघत होती. हसली मात्र नाही. काळजीने तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"आई म्हणाली, तू रोज चालतोस."

"हो."

"खूप?"

"खूप."

"मग ते गेलं?"

"काय गं?"

"पोट. मी त्याच्यावर झोपते ना."

इतके दिवस तो ज्याची लाज बाळगत होता, त्याची ही पोर आत पडून काळजी करत होती. तो खुर्चीत जरा आडवा वळला. झगा ताणला गेला.

"आहे," तो म्हणाला. "हे बघ. सगळंच्या सगळं आहे."

तिने नीट पाहून खात्री करून घेतली. मग डोकं उशीला टेकवलं.

"बरं," ती म्हणाली. "चाल तू रोज. पण मी घरी येईपर्यंत ते ठेव हं, बाबा."