नव्या टायरले लव असते

पंजाबराव गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायरवरून अंगठा फिरवला. अकोटच्या बाजारात जन्मभर दलाली केलेला माणूस. कापूस असो की सोयरा, अंगठ्यानं दाबल्याशिवाय त्यांना भाव कळत नसे.

"एकशे पंच्याऐंशी म्हणजे रुंदी. आर पंधरा म्हणजे पंधरा इंची चाक," त्यांनी जमलेल्या भाऊबंदांना ऐकवलं. "ज्याले हे वाचता येत नाई, त्यानं बैलबंडी घ्यावी."

भाऊबंद हसले. ज्याच्यासाठी गाडी आली होती तो त्यांचा मुलगा कुलदीप मोबाइलमधून मान न काढता हसला.

हुंडा हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे. 'पोरीले जे द्याचं ते द्या' एवढंच म्हणत. पण पंजाबरावांचा निरोप होता, आधी गाडी पाहू, मग लग्नाची तारीख काढू. म्हणून दर्यापूरचे किशोरभाऊ कोरी गाडी घेऊन आले होते. सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. ते स्वतः आठ वर्षं हेच मॉडेल चालवत, म्हणून मुलीसाठीही तेच घेतलेलं.

चालवत आणली मुलीनंच, प्रियदर्शनीनं. माणसं फटकळ आहेत पण मनानं साफ आहेत, असं किशोरभाऊ तिला महिनाभर सांगत होते. ती नुसतं 'पाहू' म्हणे.

आता ती लिंबाखाली उभी होती. ओसरीत खुर्च्या मोकळ्या होत्या. कुलदीपच्या आईची, माणिकबाईंची नजर तिच्या बोटांवर गेली. नखांत काळं होतं.

"भांडे घासता घासता उठून आली वाटते," त्या जावेच्या कानात म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

पंजाबरावांचा अंगठा थांबला. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले. मग दुसरं चाक पाहिलं, तिसरं, चौथं. उठले तेव्हा तोंडावर घबाड सापडल्याचा आनंद होता.

"एकतीस सतरा. दोन हजार सतरा सालचा एकतिसावा आठवडा. गाडी यंदाची अन् टायर तवाचे. नव्या टायरले लव असते, किशोरभाऊ, रबराचे बारीक केस. हे त टकले झाले. शोरूमवाल्यानं तुमाले येडं बनवलं, का तुमी आमाले बनवून राह्यले?"

पंजाबराव मग थांबेनात. दर्यापूरच्या माणसांपासून सुरू झाले आणि किशोरभाऊंच्या खानदानापर्यंत पोचले. कोणीतरी म्हणालं, पोरीचंही साल पाहून घ्या. हशा पिकला. कुलदीपही हसला.

किशोरभाऊंनी मुलीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नव्हती.

"बदलतो टायर," ते म्हणाले. "अजून काही पाहाचं आहे काय, पंजाबरावजी?"

"आता काय राह्यलं? पाहाचं ते सारं पाहून झालं."

"नीट पाहा. मांगून म्हणसान, पाहाचं राह्यलं."

"चार कोरे टायर लावून आना," पंजाबराव म्हणाले आणि किल्ली त्यांच्या हातात न देता बोनेटवर टाकली. "मंग तारीख."

बापलेक दर्यापूरला परतले.

प्रियदर्शनीनं गाडी अंगणात घेतली आणि जुन्या गाडीशेजारी उभी केली. जुन्या गाडीची चारही चाकं चकचकीत होती. टायरवरची रबरी लव अजून शाबूत होती.

तिनं डिकीतून जॅक काढला, चाकाशी बसली आणि सवयीनं पाना लावला. किशोरभाऊ पायरीवर डोकं धरून बसले.

"आपली शर्त तुमी हरले, बाबा," ती म्हणाली. "टायर पाहाच्या आधी त्याईनं मले नुसतं 'बस पोरी' म्हटलं असतं, त मी हे लगन केलं असतं."